थोरलीचा पंप

पंपवाल्याने थोरलीच्या पोटातले चार स्क्रू काढले, पंप अलगद बाहेर घेतला, पाण्याच्या बादलीत सोडला आणि तारा बॅटरीला लावल्या. मोटर गुणगुणली, नेहमीसारखी एका सुरात. बादलीबाहेर धरलेल्या नळीतून मात्र थेंबही आला नाही.

त्याने तारा काढल्या, पुन्हा लावल्या. मोटर पुन्हा गुणगुणली. नळी ठणठणीत कोरडी.

“काय रे बाबा,” तो पंपाला म्हणाला, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून त्याने मागे वळून बघितलं.

दुकानात कोणी नव्हतं. भागीदार पाचव्या मजल्यावरच्या टाकीच्या कामाला गेला होता. पाचवा मजला हल्ली भागीदाराचाच. पंपवाल्याच्या वाट्याला तळमजले आणि तळघरं. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयाच्या धमन्यांत दोन जाळ्या बसवल्या तेव्हापासून कुठल्याच जिन्याचं काम त्याच्याकडे आलं नव्हतं, आणि हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, तेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

थोरली म्हणजे त्याची युद्धनौका. अडीच हात लांब, करड्या रंगाची, रिमोटवर चालणारी. आत गॅसची छोटी नळकांडी आणि दोन तोफा, त्यांतून लोखंडी छर्रे सुटतात. हे खेळणं नव्हे, हे तो भेटेल त्याला पहिल्यांदा सांगायचा. कारण खेळणं बुडत नाही आणि थोरली बुडू शकत होती. शहराबाहेरच्या जुन्या खाणीच्या तळ्यावर महिन्यातून एका रविवारी सहा जण आपापली जहाजं घेऊन जमत, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या, आणि एकमेकांची जहाजं खरोखर बुडवत. जहाजाची कड पातळ, हलक्या लाकडाची असली पाहिजे, छर्रा आरपार गेला पाहिजे, असा नियमच होता. भोक पडलं की पाणी आत येणार, आणि ते उपसायला प्रत्येकाने आपापला पंप बसवायचा. ज्याचा पंप चांगला तो तरला.

आणि पंपाच्या बाबतीत पंपवाल्याचा हात कोण धरणार. हॉस्पिटलातून आल्यावर तो तीन सामने खेळला आणि तिन्हीत थोरली बुडाली नाही. कडेला भोकंच भोकं, तरी सरळ ताठ तरंगत काठाला आली. गवंडी, जो नेहमी त्याच्याच बाजूने खेळायचा, तो त्या पंपाचं कौतुक करून थकत नव्हता. मास्तर, म्हणजे शिट्टी आणि घड्याळ सांभाळणारे पंच, त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पंप कसा असावा ते थोरलीत बघा. पंपवाल्याने त्यावर हात झटकून “छे हो” म्हटलं होतं आणि घरी जाऊन बायकोला ते शब्दन् शब्द ऐकवलं होतं.

आता त्याने पंपाचं झाकण उघडलं. आतला पंखा बोटाने फिरवून बघितला. हलेना. पंखा जागच्या जागी घट्ट, आणि मोटरचा दांडा त्याच्या भोकात नुसता सटकून फिरतोय. म्हणून तो सूर. चष्मा लावून त्याने चिमट्याने पंख्याखाली अडकलेली काडी ओढून काढली. नखाएवढी लाकडाची ढलपी होती. कडेला छर्रा लागून आत उडालेली, पाण्याबरोबर पंपात ओढली गेलेली. असं होतं कधीकधी. मागच्या सामन्यात झालं असणार.

त्याने ढलपी तळहातावर उलटी केली. एका बाजूला रंग होता. निळा.

थोरली पूर्वी निळी होती. करडी झाली ती पाच महिन्यांपूर्वी. हॉस्पिटलातून आल्यावर महिनाभर घरातून बाहेर पडायचं नाही म्हटल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा त्याने तिच्या दोन्ही कडांचं लाकूड नवं घातलं आणि तिला करडा रंग दिला. त्यानंतर तिच्या अंगावर निळ्याचा ठिपका राहिला नव्हता. म्हणजे ही ढलपी त्याच्या दुखण्याच्या आधीची. म्हणजे पंप तेव्हापासून बंद. म्हणजे तिन्ही सामने थोरली पंपावाचून खेळली होती.

पंपवाला स्टुलावर बसला.

तीस वर्षं तो गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आला होता. आवाजावर जाऊ नका, पाणी बघा. मोटर वाजते म्हणून पंप चालतो असं नाही. आणि स्वतःच्या जहाजाची परीक्षा मात्र त्याने दर वेळी कान लावून घेतली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. त्यातून आणखी शहाणपण असं, की पाणी बाहेर टाकणारी नळी त्याने मागे सुकाणूपाशी दडवली होती, पाण्याच्या अगदी लगत, कारण आपल्या पोटात किती पाणी शिरलंय ते शत्रूला दिसता कामा नये. शत्रूला तर दिसलं नाहीच, त्याला स्वतःलाही दिसलं नाही.

इथवर नुसती फजिती होती. फजिती माणूस गिळतो. पण तीस वर्षं बिघाड शोधणाऱ्या डोक्याला एक प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. पंप बंद, कडेला भोकं, तरी जहाज बुडत नाही. का?

त्याने खणातून थोरलीचे नकाशे काढले. तळ्यावरची पद्धत अशी, की सामना संपला की ज्याने भोकं पाडली आणि ज्याच्या जहाजाला पडली ते दोघं शेजारी बसून ती मोजतात आणि जहाजाच्या चित्रावर एकेक मांडतात. चित्रात पाण्याची रेघ असते. रेघेच्या वरचं भोक म्हणजे ओरखडा, रेघेखालचं म्हणजे जखम. तीन सामन्यांचे तीन कागद त्याने फळीवर पसरले. सत्तेचाळीस भोकं. टोकदार पेन्सिलीने, एकसारख्या बारीक गोलांनी मांडलेली, रेघेच्या बोटभर वर, ओळीने. रेघेखाली एकही नाही.

सगळे गोल त्याच्या मुलीच्या हातचे होते. सगळी भोकंही तिचीच.

एका घरातली दोन माणसं एका बाजूला खेळणार नाहीत, हा तळ्यावरचा जुना नियम. म्हणून बाप-लेक कायम समोरासमोर. तिचं जहाज धाकटी, थोरलीच्या निम्म्या वजनाचं आणि दुप्पट चपळ. हे तिन्ही सामने तिने शिट्टी वाजल्याबरोबर धाकटी सरळ थोरलीच्या अंगावर घातली होती, दुसऱ्या कोणाकडे बघितलंसुद्धा नव्हतं, आणि शेवटपर्यंत थोरलीला चिकटून राहिली होती. इतकी, की तिच्या बाजूच्या बाकीच्या दोघांना थोरलीवर नेम धरायला जागाच मिळाली नाही. पोरगी कानामागून आली आणि तिखट झाली, असं पंपवाला कौतुकाने सांगत असे. बापालाही सोडत नाही.

तोफ जहाजावर पक्की असते, तोंड थोडं खाली झुकवलेली. दोन हातांवरून मारली तर छर्रा बरोबर पाण्याच्या रेघेखाली बसतो. एका हातावरून मारली तर बोटभर वर. हे तळ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि नव्याला भान राहत नाही म्हणून नवा माणूस फार जवळ जाऊन छर्रे वाया घालवतो. पण त्याची मुलगी नवी नव्हती. ती जमीन मोजणीच्या कामावर होती. दोन शेजाऱ्यांच्या कुंपणात वीतभर चूक असली तर नुसत्या नजरेने सांगायची. तिला एक हात आणि दोन हात यांतला फरक कळत नव्हता असं म्हणायचं का?

शिवाय ही युक्ती पंपवाल्याला नवी नव्हती. त्याचीच होती ती. अकरा वर्षांपूर्वी, मुलगी पहिल्यांदा स्वतः बांधलेलं जहाज घेऊन तळ्यावर आली, तेव्हा तिने हिरमुसून सोडून देऊ नये म्हणून तो वर्षभर तिच्यावर एका हातावरूनच तोफा मारत राहिला होता. कोणाला बोलला नव्हता. बायकोलासुद्धा नाही.

त्याने कागद गोळा केले, खणात ठेवले आणि खण जरा जोरातच लावला.

दुपारी जेवताना त्याने बायकोकडे विषय काढला. भाजीत मीठ नव्हतं. मीठ नसतं हे त्याला माहीत होतं, तरी दर वेळी तो पहिल्या घासाला थांबायचा.

“पोरगी माझ्याशी नीट खेळत नाही, असं वाटतं,” तो म्हणाला.

“काहीतरीच तुमचं,” बायको म्हणाली. “परवाच सांगत होती, बाबांच्या पंपापुढे कोणाचं काही चालत नाही म्हणून.”

“असं म्हणाली?”

“मग काय मी खोटं सांगते?”

“जावईही हल्ली पत्त्यांत हरतो.”

“तुम्हाला पानं चांगली येतात.”

“सलग सहा डाव?”

“अहो, जेवा ना,” बायको म्हणाली आणि तिने त्याला न विचारता आणखी भाजी वाढली.

हे असंच चाललं होतं. घरात त्याला सगळं चांगलं चांगलंच कळायचं. मुलाच्या ऑफिसात कटकट चालली होती ती त्याला शेजाऱ्याकडून समजली. स्कूटरची किल्ली खिळ्यावरून नाहीशी झाली, आणि विचारलं तर म्हणे स्कूटरच बिघडलीय. तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला सांगतात, स्कूटर बिघडलीय! कोणी खोटं बोलतंय असंही म्हणता येत नव्हतं, सगळी मायाच होती. फक्त तळं तेवढं उरलं होतं, जिथे कोणी आपल्याला जपत नाही अशी त्याची समजूत होती. तिथे समोरचा तोफ मारतो आणि आपण तरतो किंवा बुडतो. आता तेही गेलं. मुलीला वाटत असणार, म्हातारा आता काय खेळणार, राहू दे त्याला तरंगत. हा विचार त्याला घासाबरोबर टोचला आणि त्याने ताट बाजूला सारलं.

सरळ विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, काहीतरीच तुमचं. म्हणून त्याने विचारायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पंखा दांड्यावर पक्का बसवला, पंप बादलीत चालवला आणि या वेळी कान बंद ठेवून फक्त पाणी बघितलं. नळीतून धार दीड हात उडाली. मग त्याने पंप थोरलीत परत बसवला, पण दोन नळ्यांची अदलाबदल करून. जी पोटातलं पाणी ओढायची ती आता बाहेरून तळ्याचं पाणी ओढणार होती, आणि जी बाहेर टाकायची ती पोटात. दहा मिनिटांचं काम. मग धुण्याच्या मोठ्या टबात थोरली सोडून त्याने रिमोटवरचं पंपाचं बटण दाबलं आणि मनातल्या मनात आकडे मोजले. पंधरा म्हणेपर्यंत थोरली बोटभर खाली बसली. बटण सोडलं. तशीच तरंगत राहिली, दिवसभर राहिली असती. बोटभराने जहाजाचं काही बिघडत नाही, कड धड असेल तर. पण पाण्याच्या बोटभर वर कोणी ओळीने भोकं पाडून ठेवली असतील, तर तीच भोकं बरोबर पाण्यात येणार होती.

पाणी उपसायचा पंप असावा असा नियम होता. पाणी भरू नये असा नियम करायचं मात्र कधी कोणाला सुचलं नव्हतं. याला शहाणपण म्हणायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पंपवाल्याला एवढंच कळत होतं, की फुकटचं तरंगण्यापेक्षा त्याला बुडणं परवडेल, आणि बुडायचंच तर तिने मेहेरबानी म्हणून पाडलेल्या भोकांनीच बुडायचं. मग तिला कळेल की त्याला कळलंय.

रविवारी सकाळी तळ्यावर गार वारा होता. सहा जहाजं पाण्यात उतरली. सगळ्यांनी डोळ्यांवर चष्मे चढवले, कारण छर्रा पाण्यावरून उसळून कुठेही जातो. मुलगी कामाच्या बुटांतच आली होती. तिने बापाकडे बघून हात केला.

“औषध घेतलंत?” तिने पलीकडच्या काठावरून विचारलं.

“घेतलं,” तो म्हणाला. एवढ्या लोकांत विचारायची काही गरज होती का, हे त्याने आतल्या आत विचारलं.

मास्तरांनी शिट्टी दिली. धाकटी सुटली ती थेट थोरलीकडे. वाटेत गवंड्याचं जहाज आडवं आलं तेव्हा तिने दोन हातांवरून, बरोबर दोन हातांवरून, त्याच्या कडेला चार छर्रे घातले आणि गवंडी “अरे देवा” म्हणून पंपाच्या बटणाला चिकटला. मग ती थोरलीच्या शेजारी आली. एक हात. कमीच, जास्त नाही. टक, टक, टक. पंपवाल्याने तोंड फिरवलं नाही. उजव्या कडेवर एकेक भोक उमटताना तो बघत होता. सगळी एका ओळीत, बोटभर वर. इतकं नीट काम, की दुसऱ्या कोणाचं असतं तर त्याने पाठ थोपटली असती.

त्यानेही तोफा मारल्या, धाकटीच्या शेपटाला दोन छर्रे लागले. मग चौदावं भोक मोजून त्याने पंपाचं बटण दाबलं.

पंधरा आकडे. थोरली जरा जड झाली, हे फक्त त्याला कळलं. बटण सोडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग उजवी कड पाण्याला टेकली, चौदा भोकांतून एकदम पाणी शिरलं, आणि पाच महिने न बुडालेली थोरली कुशीवर वळून, एकदा मागचं टोक वर करून, खाली गेली. तिच्या जागी दोरीला बांधलेलं बूच वर आलं आणि डुलत राहिलं.

मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली होती ती तशीच राहिली.

“अहो, पंप?” शेवटी गवंडी म्हणाला.

“होता ना,” पंपवाला म्हणाला. त्याने रिमोट खाली ठेवला आणि दगडावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

मुलगी काठाकाठाने धावत येत होती. येताना तिने रिमोट कोणाच्या तरी हातात कोंबला होता आणि धाकटी तळ्यात मोकळीच गोल गोल फिरत होती. ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“मी आणते,” ती म्हणाली.

“ज्याचं जहाज त्याने आणायचं.”

“माहितीये मला नियम.”

“मग बाजूला हो.”

“मास्तर, तुम्ही सांगा ना यांना,” ती वळून म्हणाली. मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं, मग तळ्याकडे बघितलं. बुडालेल्या जहाजाला त्याच्या मालकाशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच वीस वर्षांपूर्वी केला होता.

पंपवाल्याने दुसरा बूट काढला आणि पँट गुडघ्यांच्या वर गुंडाळायला लागला. मुलगी त्याच्यासमोर खाली बसली, म्हणजे तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“बाबा, पाणी मांडीपर्यंत आहे. गार आहे. डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? गार पाण्यात एकदम उतरायचं नाही. मी होते तिथे. मी ऐकलंय.”

पंपवाल्याचा हात थांबला.

“म्हणून बुडवत नव्हतीस मला?”

तिने त्याचे काढलेले बूट उगाच सारखे करून ठेवले.

“सत्तेचाळीस भोकं,” तो म्हणाला. “म्हणून?”

“मग आणखी कशाला?” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि तिला त्या चिरकण्याचाच राग आला. “बुडालात की उतरणार तुम्ही. कोणाचं ऐकणारही नाही. मग बुडवायचंच नाही. दुसरं काय करायचं होतं मी?”

पंपवाला तिच्याकडे बघत राहिला. तीन दिवस तो एक अपमान चघळत होता, चवीने, मीठ लावून. म्हातारा आता काय खेळणार, असं तिला वाटतं म्हणून. आणि इकडे त्या पोरीने तीन महिने सामना म्हणून खेळलाच नव्हता. बाकीची जहाजं सोडून ती नुसती त्याच्याभोवती कडं करून फिरत होती. त्याला एकदम लाज वाटली, आणि लाजेबरोबर फार बरंही वाटलं, आणि ही दोन्ही एकदम आल्यावर माणसाने तोंड कसं करायचं ते त्याला कळेना. म्हणून त्याने पँटची दुसरी बाजू गुंडाळली.

“मी जाणार,” तो म्हणाला. “हळू जाईन. आधी पावलं भिजवीन, मग गुडघे. थांबत थांबत.”

“आणि मध्ये काही झालं तर?”

“तर तू आहेस.”

ती उठली. तिला वाटलं होतं तो भांडेल, आणि भांडणाची तिची तयारी होती. हे असं काही ऐकायची नव्हती. तिने डोळे पुसले आणि बूट काढायला लागली.

“हात लावायचा नाही जहाजाला,” मास्तर म्हणाले.

“जहाजाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “पाण्यात उतरायचं नाही असं कुठे लिहिलंय?”

मास्तरांनी विचार केला. “नाही लिहिलेलं,” ते म्हणाले.

दोघं उतरली. पाणी खरंच गार होतं. त्याने सांगितल्याप्रमाणे आधी पावलं भिजवली, उभा राहिला, मग गुडघ्यांपर्यंत गेला, उभा राहिला. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून शेजारून चालत होती.

“बुडाली कशी पण?” थोड्या वेळाने तिने विचारलं. “खाली एकही मारला नव्हता मी.”

“पंप उलटा लावला होता. तुझी भोकं पाण्यात आणली.”

ती चालायची थांबली. “मुद्दाम?”

“मुद्दाम. आणि त्याआधी तीन सामने बंदच होता. आत ढलपी अडकली होती. मला परवा कळलं.”

“बंद होता?” ती म्हणाली. “अहो, मी तर म्हणत होते, चुकून एखादा खाली लागलाच तरी बाबांचा पंप आहे. त्या भरवशावर होते मी.”

“मीही.”

ती हसायला लागली. पाण्यात उभं राहून, हात पाठीमागेच ठेवून, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काठावर गवंड्याला वाटलं ती रडतेय, आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

“एका हातावरून मारायचं कुठे शिकलीस?” पंपवाल्याने विचारलं.

“पहिल्या वर्षी मला कोण मारत होतं एका हातावरून?”

“कळलं होतं तुला?”

“चौथ्या सामन्याला.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने जरा विचार केला. “बरं वाटत होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही वाटलं?”

“कळेपर्यंत वाटलं.”

ते बुचापाशी पोचले. त्याने दोरी धरली आणि थोरली हळूहळू वर ओढली. पाण्याने भरलेलं जहाज किती जड असतं ते उचलणाऱ्यालाच कळतं. त्याने ते घाईने उचललं नाही. पाण्यातच एका कुशीवर कलतं धरलं, भोकांतून पाणी गळू दिलं, आणि हलकं झाल्यावर छातीशी घेतलं. मुलगी हे सगळं वीतभर अंतरावरून बघत होती. दोनदा तिचे हात पाठीमागून सुटून पुढे आले आणि दोनदा तिने ते परत बांधले.

“दुसऱ्या डावात दोन हातांवरून मारायचं,” तो म्हणाला. “पंप सरळ करून घेतो. मग बघू.”

“बुडाल तुम्ही.”

“बुडेन. मग पुन्हा येऊ इथे.”

परतताना काठ जाताना होता त्यापेक्षा लांब वाटत होता. अर्ध्या वाटेत पंपवाल्याला धाप लागली. दुखत नव्हतं, नुसती धाप. जहाज छातीशी होतं त्यामुळे ती दिसत नसावी, असं त्याला वाटलं. पाऊल उचलावं की थांबावं हे तो ठरवत होता, तेवढ्यात मुलगीच थांबली.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “पाय रुतला माझा.”

पंपवाल्याने खाली बघितलं. पाणी गढूळ होतं. पण ही जुनी खाण होती, आणि वीस वर्षं तो हिच्यात उतरत होता. काठाजवळ थोडा चिखल असे. इथे, मधोमध, पायाखाली सगळा सपाट दगड होता, आणि तोच दगड आता त्याच्या तळव्यांना लागत होता.

तो थांबला. एक श्वास घेतला, मग दुसरा. मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती.

“निघाला का?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

“अजून नाही.”

त्याने आणखी चार-पाच श्वास घेतले. थोरली जरा वर सरकवून नीट धरली.

“आता बघ,” तो म्हणाला.

तिने पाय उचलला.

“निघाला,” ती म्हणाली.